‘आणि आया’ एवढीच ओळ वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र सगळ्यांदेखत लिहितेय. फोनवर तुम्ही मला जे समजावलंत ते माझ्यासारख्या बऱ्याच घरांच्या उपयोगाचं आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात साहेबाच्या पोरांना सांभाळत बोटीने विलायतेला जाऊन आलेल्या एखाद्या बाईची गोष्ट कितीतरी घरांत सांगतात. आमच्याकडे ती माझी खापरपणजी. घरात तिला ‘विलायती आजी’ म्हणत. मागे उरलं काय, तर साहेबाचं मोडूनतोडून उच्चारलेलं आडनाव, आणि ती परत आल्यावर बरेच दिवस तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं ही हकिगत. तिचं खरं नाव माझ्या आजीलाही सांगता येत नव्हतं. बोटींच्या जुन्या याद्यांत तिचा माग काढायला मी तुमची मदत मागितली.

तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणालात, “बाईला शोधू नकोस, मेमसाहेबाला शोध.” ऐकून मला जरा झोंबलंच. पण त्या काळचं वर्तमानपत्र तुम्ही समोर ठेवलंत तेव्हा पटलं. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची टपालबोट मुंबईहून सुटली की कोण कोण गेलं याची यादी छापून यायची. लंडनमध्ये प्रसिद्ध होणारं ‘होमवर्ड मेल’ हे वर्तमानपत्रही अशा याद्या छापत असे. क्लबात बसणाऱ्या लोकांना कोण आलं, कोण रजेवर गेलं, कोणाची बायको उन्हाळ्याआधी मायदेशी निघाली हे कळायला हवं असायचं. त्यामुळे कर्नल, कॅप्टन, रेव्हरंड सगळे हुद्द्यासकट. मग मिसेस अमुक, दोन मुलं, एक तान्हं मूल. आणि ओळीच्या शेवटी ‘आणि आया’. तान्ह्या मुलाच्याही नंतर. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा माग काढायला मदत करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेतले स्वयंसेवक अशा याद्या टाइप करून शोधता येतील अशा करून ठेवतात. तुमच्यासारखी माणसं संध्याकाळी टीव्ही लावायचा सोडून हे काम का करतात, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

सरकारी याद्यांचं तुम्ही वेगळं सांगितलंत, आणि मला वाटतं तिथेच मला या कागदांची गोडी लागली. अमेरिकेने १८१९ मध्ये कायदा केला तो बोटींत माणसं कोंबली जात आणि वाटेत मरत म्हणून. कप्तानाने बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याला उतारूंची यादी द्यायची: नाव, वय, धंदा, कुठून आले, कुठे राहणार, आणि प्रवासात कोण वारलं. ब्रिटिशांच्या १८५५ च्या कायद्यात तर हिशेबासाठी एक ‘कायदेशीर प्रौढ’ होता. १२ वर्षांचं किंवा त्याहून मोठं माणूस म्हणजे एक, त्याखालची दोन मुलं मिळून एक, वर्षाच्या आतलं मूल शून्य. माणूस किती जागा अडवतो आणि किती पाणी पितो एवढ्याशीच त्या कागदाला मतलब. दीडशे वर्षांनी कोणीतरी त्यात आपली पणजी शोधणार, हे त्या कारकुनाच्या गावीही नसणार. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीने आलेल्यांची नावं बदलली जायची ही तर निव्वळ दंतकथा, हेही तुमच्याकडूनच कळलं. यादी बोट सुटायच्या बंदरातच कंपनीचे लोक तयार करत. उतरल्यावर ती फक्त पडताळली जायची.

मध्येच तुम्ही आनंदीबाईंचा विषय काढलात ते मला फार आवडलं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या, पुढे अटलांटिक ओलांडून ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, आणि त्यांनी आपलं प्रवासवृत्त मराठीत छापलं. या दोघींसाठी बोटीची यादी चाळण्याची गरजच नाही. त्यांची पत्रं आहेत, पुस्तकं आहेत, छायाचित्रं आहेत. त्याच दशकात, त्याच समुद्रावरून माझी खापरपणजीही गेली. अक्षरओळख नसलेल्या बाईचं जे काही राहिलं असेल ते दुसऱ्याने, दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेल्या कागदावर. तुम्ही म्हणालात, “म्हणून तुझ्या आजीसाठी हे कागद जास्त महत्त्वाचे. त्या दोघींना काय गं!” हे जरा निर्दय होतं, पण खरं होतं.

आता आमच्या शोधाचं. १८८७ च्या मार्चमधली ती ओळ तुम्हाला सापडली. आमच्या घरच्या मोडक्या आडनावाशी जुळणारं आडनाव, दोन मुलं, आणि आया. मार्च म्हणजे मेमसाहेबांची निघायची वेळ, उन्हाळा तापायच्या आत. मी फोनवर रडायच्या बेतात होते आणि तुम्ही मात्र लगेच तीन प्रश्न विचारलेत. या आडनावाची दुसरी बाई त्या वर्षी गेली होती का? मुलांची वयं घरच्या गोष्टीशी जुळतात का? आणि ही बोट थेट लंडनला गेली की या बाई इटलीत ब्रिंडिसीला उतरून आगगाडीने गेल्या? तसं असेल तर लंडन बंदराच्या यादीत शोधून उपयोग नाही. मुलंबाळं असलेल्या बायका बहुधा बोट न सोडता जिब्राल्टरवरून जात, असं म्हणून तुम्ही लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वळलात. तिथे येणाऱ्या उतारूंच्या याद्या १८७८ पासूनच्या आहेत, त्याही सलग नाहीत. छापील तक्त्यात इंग्लिश, स्कॉच, आयरिश आणि परकीय असे रकाने. त्यात मुंबईच्या बाईला बसवायचं कुठे, हा प्रश्न कारकुनालाही पडला असेल.

परतीचं कोडं तर तुमच्याशिवाय सुटायला सुरुवातही झाली नसती. इंग्लंडहून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या १८९० पासूनच्याच उरल्या, आधीच्या नष्ट केल्या गेल्या. म्हणजे ती परत निघाल्याचा कागद त्या बाजूला मिळणार नाही. शिवाय ती त्याच मेमसाहेबाबरोबर परतली असेल असंही धरून चालता येत नाही. लंडनच्या ऑल्डगेटला आयांसाठी एक वसतिगृह होतं. मुलं पोहोचती झाली की कित्येक आयांची गरज संपायची. आणणाऱ्या कुटुंबाने दिलेलं परतीचं तिकीट वसतिगृहाच्या मेट्रनकडे जमा व्हायचं, आणि हिंदुस्थानात निघालेलं दुसरं एखादं कुटुंब त्या तिकिटाचे पैसे भरून आयेला बरोबर न्यायचं. जाताना एका घरची आया, येताना दुसऱ्याच घरची. हे कळेपर्यंत मी एकाच आडनावाला धरून बसले होते. आता मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या आलेल्या उतारूंच्या याद्या वाचायच्या, आणि ज्या ज्या ओळीत ‘आणि आया’ आहे ती प्रत्येक ओळ टिपायची, असं तुम्ही ठरवून दिलंत. काम कंटाळवाणं आहे. पण त्यातूनच काहीतरी निघेल.

माझ्या चुलतभावाच्या वतीनेही थोडी माफी मागायची आहे. लंडनच्याच हॅक्नी भागात किंग एडवर्ड्स रोडवर, ते वसतिगृह पुढे जिथे हललं त्या घरावर, २०२२ मध्ये इतिहासाची खूण म्हणून लावतात ती निळी पाटी लागली. तुम्ही तिचा फोटो पाठवलात. भावाने तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला, खाली मजकूर: आपली विलायती आजी इथे राहायची. तुमचा दहा मिनिटांत मेसेज: “वसतिगृह या भागात १९०० साली आलं. तुमची आजी तोवर परतून एक तप झालं असेल. शिवाय ऑल्डगेटला तरी राहिली होती का, हे अजून माहीत नाही.” ग्रुपवर शांतता. मावशीने मग नमस्काराचा हात टाकला.

एक गोष्ट मात्र मला बोचते, ती तुमच्याशीही बोललेय. पी अँड ओच्या बोटींवर डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे, सलूनमधले वाढपी आणि आचारी गोव्याचे. त्यांच्याशी कंपनीला करार करावा लागे, म्हणून जिथे ते कागद टिकले तिथे नाव, वय, गाव सापडतं. असे कितीतरी करार आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला आहेत. म्हणजे एकाच बोटीवर दोर ओढणाऱ्या आमच्या गावच्या माणसाचं नाव एखाद्या वेळी मिळेल, आणि वरच्या मजल्यावर मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचं मिळणार नाही. ती कामालाही होती आणि उतारूही होती, त्यामुळे नीट कोणत्याच वहीत बसली नाही.

पैसे घ्यायला तुम्ही साफ नकार दिलात. क्यूला जायचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. बोलता बोलता वेंगुर्ल्याच्या घराची आठवण काढून विलायतेत धड कुळथाचं पीठ मिळत नाही असं म्हणाला होतात, ते मी लक्षात ठेवलंय. मामीने घरच्या कुळथाचं दळून दिलंय, बरोबर आगळाच्या दोन बाटल्या. पार्सलवर आत काय आहे, कोणी पाठवलं, कोणासाठी, सगळं नीट लिहिलंय.

मी १८८७ च्या ऑक्टोबरपासूनची पानं वाचायला घेतली आहेत. नोव्हेंबरमध्ये दोन ‘आणि आया’ सापडल्या आहेत. बोटींची नावं आणि तारखा रविवारी पाठवते, तुमचे तीन प्रश्न तयार ठेवा.

तुमची,
विलायती आजीची खापरपणती