उत्तर अडलं तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शिकवायला लागून जेमतेम महिना झाला आणि तू धास्तावलायस: भर वर्गात कुणी अडवलं आणि उत्तर आलं नाही तर? वर ‘तू काय केलं असतंस?’ असं मलाच विचारतोस. मी कधी फळ्यासमोर उभा राहिलेलो नाही, तेव्हा माझ्याकडे स्वतःचा असा तोडगा नाही. पण आम्हाला ॲनालिसिस (कलनशास्त्राचा पाया तपासणारं गणित) शिकवणाऱ्या मॅडमबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही, ते आज सांगतो.

मॅडम प्रेमळ वगैरे नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. पेपर कडक तपासायच्या, अर्धा मार्क वाढवून मागायला कुणी गेलं की शांतपणे ‘कुठल्या ओळीसाठी?’ विचारायच्या आणि समोरच्याची वाचाच बसायची. नम्र माणूस म्हणजे मऊ माणूस अशी तुझी समजूत असेल तर ती इथे चालणार नाही.

एकदा त्या फळ्यावर एक सिद्धता मांडत होत्या. एकामागून एक येणाऱ्या फंक्शन्सची रांग, त्यांचं इंटिग्रल (आलेखाखालचं क्षेत्रफळ) आणि मग लिमिट (रांग पुढे जाता जाता ज्याच्याकडे सरकते ते). लिहिता लिहिता त्यांनी लिमिट इंटिग्रलच्या आत सरकवलं, म्हणजे आधी लिमिट आणि मग क्षेत्रफळ असा क्रम केला, आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, ही अदलाबदल चालते का?’ ही मुलगी वर्षभरात हजेरीपलीकडे काही बोलली नव्हती. मॅडम थांबल्या. फळ्याकडे पाठ करून नव्हे, फळ्याकडे तोंड करूनच, बराच वेळ. मग वळल्या आणि म्हणाल्या, ‘मी सवयीनं लिहून गेले. इथे का चालावी याचं कारण मला आत्ता देता येत नाही.’ त्यांनी त्या ओळीखाली लाल खडूनं रेघ मारली आणि सिद्धता तिथेच सोडून दिली. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी आम्हालाच विचारलं, की ही अदलाबदल फसेल असं उदाहरण कुणाला सुचतंय का? कुणालाच सुचलं नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. ‘मला माहीत नाही’ म्हणणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. काही जण ते इतक्या सहज म्हणतात, की तीही एक पळवाटच वाटते. मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या आणि फळ्यावर एक त्रिकोण काढला. पाया शून्यापासून १ पर्यंत, उंची २. शेजारी दुसरा, पाया शून्यापासून अर्ध्यापर्यंत, उंची ४. मग तिसरा, पाया पाव, उंची ८. प्रत्येकाचं क्षेत्रफळ १. त्रिकोण जसजसा बारीक आणि उंच होत जातो तसतसा शून्याकडे सरकतो. तू शून्याच्या उजवीकडचा कुठलाही बिंदू पकड, कधी ना कधी त्रिकोण त्याच्या डावीकडे निघून जातो आणि तिथे उरतं शून्य. खुद्द शून्यापाशी तर उंची आधीपासूनच शून्य. म्हणजे लिमिट घेतलं तर सगळीकडे शून्य, क्षेत्रफळही शून्य. पण आधी क्षेत्रफळं काढून मग लिमिट घेतलं तर १. अदलाबदल सपशेल फसली! मग त्यांनी कालची सिद्धता पुन्हा घेतली, युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची (सगळ्या बिंदूंवर एकसारखंच लिमिटकडे सरकण्याची) अट कुठे लागते ते दाखवलं आणि त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, ‘काल तुम्ही थांबवलं नसतं तर ही अट मी गिळूनच टाकली होती.’ विद्यार्थिनीला ‘तुम्ही’! वर्गात चुळबुळ झाली.

त्याच तासाला त्यांनी कोशी या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट सांगितली. १८२१ मध्ये कोशीनं आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात असं प्रमेय दिलं, की अखंड (मध्ये कुठे न तुटणाऱ्या) फंक्शन्सची मालिका कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे तिची बेरीज ठरावीक किमतीला येत असेल, तर तिची बेरीजही अखंडच असते. १८२६ मध्ये आबेल नावाच्या चोविशीच्या पोरानं एका तळटिपेत अगदी अदबीनं लिहिलं, की या प्रमेयाला अपवाद असावेत असं दिसतं. पुढे साइनची साधी मालिका दिली. प्रत्येक पद गुळगुळीत लाटेसारखं, पण बेरीज मात्र ठरावीक जागी तुटून थेट उडी मारते. कोशीनं ते प्रमेय दुरुस्त करून मांडलं १८५३ मध्ये. आबेल १८२९ मध्येच, सव्विसाव्या वर्षी गेला होता. मॅडमनी यावर काही भाष्य केलं नाही, नुसती सालं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. मला विचारशील तर ती २७ वर्षांची वजाबाकी भाष्यापेक्षा जास्त बोलत होती.

त्या तासानंतर वर्गाचा आवाज बदलला. आधी आम्ही न समजलेलं शेजाऱ्याच्या कानात विचारायचो, आता सरळ हात वर व्हायला लागले. काही जण उगाच खुसपटं काढायला लागले, हेही खरं. पोर्शन मागे पडला आणि शेवटी जादा तास घ्यावे लागले, त्याबद्दल आम्ही कुरकुरही केली. मॅडमनी आपल्या नोट्सच्या शेवटी शुद्धिपत्राचं पान जोडलं: चूक कुठली आणि ती दाखवली कुणी. संगणकशास्त्रातला डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचा, म्हणे २५६ सेंट म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेला (हेक्साडेसिमल) एक डॉलर. आमच्याकडे चेक नव्हता, पण त्या पानावर नाव यावं म्हणून लोक नोट्स दोन-दोनदा वाचायचे.

आणखी एक. एक नवीन सर, वयानं मॅडमच्या निम्मे, आम्हाला प्रोग्रामिंग शिकवायचे. त्या तासाला मॅडम आमच्यात येऊन बाकावर बसायच्या. वही घेऊन, गृहपाठ करून. बिचाऱ्या सरांची पहिले काही दिवस तारांबळ उडायची. एकदा मॅडमचा प्रोग्राम चालेना, तेव्हा त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला हाक मारून बोलावलं आणि त्यानं राहून गेलेला सेमीकोलन दाखवल्यावर इतक्या खळखळून हसल्या की विचारू नकोस.

अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञाचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. सात वर्षं एकांतात खपून त्यानं १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. जगभर गाजावाजा झाला आणि तपासणीत भगदाड सापडलं. तेव्हा त्यानं मदतीला बोलावलं ते रिचर्ड टेलरला, आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला. सप्टेंबर १९९४ मध्ये ते भगदाड बुजलं. १९९५ मध्ये जे दोन शोधनिबंध छापून आले, त्यातल्या एकावर दोघांची नावं आहेत. सगळ्या जगाचं लक्ष असताना विद्यार्थ्याला ‘जरा ये, अडलंय’ म्हणायला काय लागत असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

आता तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं. शून्याचा शून्यावा घात किती, असं त्यानं विचारलं आणि तू ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून गप्प केलंस. तो प्रश्न चांगला आहे रे. पुढच्या तासाला त्यालाच फळ्याकडे बोलव. एका बाजूला शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात १ येतो ते लिहायला लाव, दुसऱ्या बाजूला शून्याचा कुठलाही धन घात शून्य येतो ते. दोन्ही नियम एकाच जागी कसे भांडतात ते त्याचं त्यालाच दिसेल. बहुपदी लिहिताना आपण तिथे १ का धरतो आणि लिमिटमध्ये का धरत नाही, इथपर्यंत पोचलात तर उत्तम. नाही पोचलात तर तसं सांग आणि घरी जाऊन वाच. मॅडमनी हेच केलं असतं.

त्याचा दुसरा प्रश्न तू पत्रात अर्धवटच लिहिलायस. पूर्ण लिहून पाठव, मलाही बघायचाय.

तुझाच,
जुना दोस्त