हॉलरची सही उलटी कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एचिंगमधल्या पक्ष्यांवरचा लेख वाचला. विषय छान, पक्षीही छान. पण हॉलर या सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या चित्राखाली ‘धातूवर कोरलेले’ असं छापलंय. कोरलेलं नाही हो! एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने काढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडी पडलेली रेघ ॲसिड खातं. मेणावर सुई अडत नाही, म्हणून तर हॉलरच्या पक्ष्यांची लव इतकी मऊ दिसते.

मी ३८ वर्षं ब्लॉकमेकर होतो, म्हणजे छपाईसाठी चित्रांचे धातूचे ठसे बनवायचो. रेघेवर बुडबुडे बसले की ॲसिड तिथे नीट खात नाही. आमचे मास्तर कोंबडीच्या पिसाने ते हलकेच सारायचे. युरोपातले एचिंगवालेही पीसच वापरायचे. पक्षी काढायला पक्ष्याचंच पीस! लेखकमहाशयांना एवढं एक सापडलं असतं तर बरं झालं असतं.

त्याहून वाईट म्हणजे चित्र उलटं छापलंय. भिंग लावून बघा, हॉलरची सही आरशातली दिसते. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून बिचारा पत्र्यावर मुद्दाम उलटी सही करायचा. प्राग सोडून लंडनला आलेला हा माणूस तासाला चार पेन्सवर राबायचा म्हणतात. बार्लो या इंग्रज चित्रकाराच्या चित्रांवरून त्याने पक्षी केले. १६७७ साली गरिबीतच गेला. त्याची ती मेहनत तुम्ही एका क्लिकने फिरवलीत.

आमच्या छापखान्यात एकदा माझ्या हातून निगेटिव्ह उलटी लागली. एका नगरसेवकाच्या कोटाचा खिसा उजवीकडे गेला. तीन दिवसांचा पगार कापला, वर मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “डोळे घरी ठेवून येता का?” तुमच्याकडे कोणाचा कापला? सहज विचारतो.

आणि लेखात म्हटलंय तसं घुबड म्हणजे सरसकट शहाणपण हेही खरं नव्हे. हॉलंडात घुबड मूर्खाचं लक्षण. त्यांची म्हणच आहे, घुबडाला बघायचंच नसेल तर मेणबत्ती नि चष्मा काय कामाचा? ही म्हण मी कोणाला उद्देशून लिहिलेली नाही.

जाता जाता, गेल्या आठवड्याच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आडवे ७ वर आम्ही नवरा-बायको अडून बसलो आहोत.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, पुणे