फ्रँकफर्टहून बाबांना

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोटोतले ते दोन काचेचे मनोरे कुणाचे, असं तुम्ही विचारलंत. डॉइश बँकेचे. तिथल्या एका प्रमुखाबद्दल तुम्हाला लिहायचंच होतं, कारण तुमची सगळी नोकरी जिल्हा बँकेच्या कर्ज विभागात गेली.

आल्फ्रेड हेरहाउझेन. जन्म 1930 चा, एसेनचा, कोळशाच्या पट्ट्यातला. मुळात ते बँकेतले नव्हेतच. डॉर्टमुंडच्या वीज कंपनीत वित्त सांभाळत होते, तिथून 1970 मध्ये थेट डॉइश बँकेच्या संचालक मंडळावर आले. 1985 मध्ये दोघा प्रमुखांपैकी एक, 1988 पासून एकटेच.

पण मला मोठी वाटते ती 1987 ची गोष्ट. कर्ज फेडता येत नाही म्हणून मेक्सिकोनं 1982 मध्येच हात वर केले होते. तरी बँका अशा कर्जबाजारी देशांना थकलेलं व्याज भरायला पुन्हा कर्ज देत राहिल्या. तुमच्या बँकेत सोसायट्यांचं मार्चअखेर नवं-जुनं व्हायचं ना, तसंच. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या बैठकीच्या वेळी हेरहाउझेन उघड बोलले, की या देशांचं काही कर्ज सोडावं लागेल. बाकीचे बँकवाले भडकले. तुम्ही लगेच विचाराल, ‘त्यांच्या बँकेनं बुडीत कर्जाची तरतूद केली होती का?’ होती, भक्कम होती. म्हणूनच यांना बोलायला काय जातं, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. तरतूद करून गप्प बसणारे साहेब तुम्ही काय कमी पाहिलेत? 1989 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री ब्रेडी यांनी योजना आणली, तीत कर्जाचा भाग सोडणं आलंच.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सकाळी बाड होम्बुर्गच्या घरून ऑफिसला निघाले असताना त्यांना मारलं. रस्त्याकडेला लावलेल्या सायकलवर बॉम्ब होता. पुढची गाडी जाऊ दिली, मग रस्त्यावर आडवा प्रकाशकिरण सोडला आणि यांची चिलखती मर्सिडीज त्यात येताच स्फोट. रेड आर्मी फॅक्शन या जर्मनीतल्या अतिडाव्या दहशतवादी संघटनेनं जबाबदारी घेतली, पण या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. याची मला फार चीड येते.

बाबा, एक सांगा. वसुलीला तुम्ही इतके कडक. त्यांच्या जागी असतात तर मुद्दल सोडलं असतंत? फोनवर नको, सविस्तर लिहा. आईला नमस्कार.

तुमची,
थोरली