पोटावरची खूण आधी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कराडात ३० वर्षं ब्लाउज शिवते. गेल्या श्रावणात माझं मोठं आतडं काढलं. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. सात वर्षं मेसालामिन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, सगळी औषधं झाली. गिऱ्हाईक माप द्यायला उभं असायचं आणि मी टेप टाकून संडासाकडे धावायची. दिवसातून दहा-बारा वेळा, रक्तासकट.

या सात वर्षांत ऑपरेशनचं नाव निघालं ते धाक घालण्यापुरतंच. ‘पथ्य पाळा, नाहीतर आतडं काढावं लागेल.’ त्यामुळे ती मला शिक्षाच वाटत राहिली आणि मी टाळत राहिले. शेवटी सलाइनमधून स्टिरॉइड देऊन तिसऱ्या दिवशीही उतार पडेना, आतडं फुगू लागलं, तेव्हा घाईत सही केली. सर्जननी जीव वाचवला, ते मी विसरणार नाही.

पण एक गोष्ट राहून गेली. लहान आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढतात, तो स्टोमा. त्यातून येणारा मळ पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमतो. स्टोमाची जागा ऑपरेशनआधी रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून पेनाने खुणावायची असते. माप उभ्याने वेगळं, बसून वेगळं, हे आम्हा शिवणाऱ्यांना पहिल्या वर्षीच कळतं. माझ्या पोटावर खूण कुणी केली नाही. स्टोमा नेमका परकराच्या नाडीखाली आला. नाडी आवळली की पिशवीची चकती एका कडेने सुटते, आणि तो पाचक रसांचा पातळ मळ कातडीला लागला की भाजल्यासारखी आग होते. ऑपरेशनआधी तीन दिवस मी वॉर्डातच होते. खुणेला दहा मिनिटं पुरली असती. आता मी रुंद, मऊ पट्ट्याचा, छातीखाली बसणारा परकर शिवून घातलाय.

एरवी पिशवीचा त्रास मला वाटला होता तेवढा नाही. दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करायची. पाणी शोषणारं आतडंच गेलं, म्हणून ओआरएस जवळ ठेवायचं. रक्त थांबलं. कोल्हापूरच्या लग्नाला एसटीने गेले, वाटेत कुठेही उतरावं लागलं नाही. गुदाशय अजून आत आहे, त्याची तपासणी चालू असते. जे-पाउच, म्हणजे लहान आतड्याचीच आत पिशवी करून ती गुदद्वाराला जोडणं, करायचं का, ते सावकाश ठरवीन.

चिकटणारी पिशवी १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या नर्सला सुचली. ऑपरेशननंतर तिची बहीण बाहेर पडायला घाबरायची, म्हणून. आपल्याकडेही डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी ऑपरेशनचा विषय निघताच, रुग्ण धडधाकट असतानाच, त्याची एखाद्या पिशवीवाल्याशी गाठ घालून द्यावी. माझी अशी गाठ तेव्हा पडली असती तर मी एवढी थांबले नसते.

आमच्या भागातल्या कुणा डॉक्टरांना असा रुग्ण असेल, तर मी येईन. पिशवी दाखवीन, परकरही दाखवीन.

– शिवणकाम करणारी एक वाचक, कराड