तिकिटावरचे साडेपाच तास

जर्सी सिटी,
12 डिसेंबर

तीर्थस्वरूप अप्पा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अप्पा, मुंबईहून रात्री 1.30 ला सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी 7 ला न्यूयॉर्कला पोहोचते, आणि परतीचे विमान सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12.30 ला मुंबईत उतरते, म्हणजे जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस, हे कसे, असे तुम्ही तिकीट पाहून विचारलेत. फोनवर मला ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि हिवाळ्यात येथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे चालते. जाताना ते साडेदहा तास मिळवा, येताना वजा करा, म्हणजे खरा प्रवास जातानाचा 16 तासांचा आणि येतानाचा साडेचौदा तासांचा निघेल.

हा दीड तासाचा फरक वाऱ्याचा आहे. विमाने ज्या उंचीवरून उडतात तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. तुम्ही इकडे येताना ते समोरून अडवतील आणि घरी परतताना पाठीमागून ढकलतील.

बैठकीतल्या नकाशावर पट्टी ठेवून तुम्ही अंतर मोजलेत, ते मात्र जास्त भरले असणार. सपाट नकाशावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट ठरत नाही. आईच्या वातींच्या डब्यातला दोरा घ्या आणि कपाटावरच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरा. तो अरबस्तानाकडे न जाता सरळ वर चढेल, रशिया आणि नॉर्वेवरून जवळजवळ उत्तर ध्रुववृत्तापर्यंत जाईल आणि मग खाली उतरेल. त्या वाटेने अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. नकाशावरच्या सरळ रेघेने गेल्यास दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाढते. प्रत्यक्ष विमान वारा आणि हवाई हद्दी पाहून थोडे इकडेतिकडे जाते, पण उत्तरेचा वळसा बहुधा असतोच. मी पहिल्यांदा आलो तेव्हा खिडकीबाहेर बर्फच बर्फ पाहून चकित झालो होतो.

आई, तुझ्या गोळ्यांच्या हिशेबात मी नाशिकपासूनचे तास धरले आहेत. दुपारी 4 ला घर सोडले, तर वाटेतली गर्दी आणि विमानतळावरचे थांबणे धरून आमच्या दारात येईपर्यंत सुमारे 28 तास होतील. म्हणून गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव, आणि घड्याळ बदलल्यावर त्या केव्हा घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. विमानात दर दोन तासांनी उठून थोडे चालत जा. अप्पांनाही उठव, ते आपणहून उठायचे नाहीत.

कसारा घाट उतरलात, की एक फोन करा. तेव्हा येथे पहाट असेल, पण मी जागा असेन.

तुमचा,
बाळ