अभ्यास केंद्राचे आश्वासन आणि व्हरांड्यातल्या पेट्या : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातील सांस्कृतिक महोत्सवाच्या समारोपाला आपण आला होतात. दशावतार आणि नमन ही लोकनाट्ये, जाखडी हे नाचगाणे, दोन बुवांच्या सामन्याची डबलबारी भजने, मालवणी नाटक आणि कोकणात चित्रित होणारे चित्रपट व मालिका यांचा पद्धतशीर अभ्यास करणारे केंद्र इथल्या एका महाविद्यालयात सुरू करण्याचे आश्वासन आपण भर सभेत दिलेत. टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्या छायाचित्रात आपल्या हाती प्रस्तावाची फाईल देताना जो पांढऱ्या केसांचा मनुष्य दिसतो, तो मी. मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या खात्याचे उत्तर हाती पडले. सदर विषय मनोरंजनाशी संबंधित असून शैक्षणिक स्वरूपाचा नसल्याने प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे, एवढाच मजकूर आणि त्याखाली न लागणारी सही. याच सुमारास केंद्रासाठी राखून ठेवलेली खोली कोऱ्या उत्तरपत्रिका ठेवण्यासाठी घेण्यात आली आणि माझ्या पेट्या व्हरांड्यात आणून ठेवण्यात आल्या. मला कोणी कळवण्याचे कष्ट घेतले नाहीत. मृगाच्या पहिल्याच पावसात झड आत आली आणि खालच्या थरातल्या पेट्या भिजल्या. आपल्या उत्तरपत्रिका मात्र कोरड्या आहेत, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.

त्या पेट्यांत काय होते, ते आपण कधी विचारले नाहीत, म्हणून सांगतो. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील डबलबारीच्या कॅसेट होत्या. त्यांत दोन बुवा गजरापासून गौळणीपर्यंत एकमेकांना शब्दांत पकडतात आणि पखवाजवाला मध्येच आपला हिशेब चुकता करतो. जाखडीच्या शाहिरांच्या वह्या होत्या. त्यांत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्यातरी हिंदी चित्रपटगीताचे नाव लिहिलेले असे, आणि खाली शक्ती पक्षाच्या शाहिराने प्रतिस्पर्धी तुरा पक्षाच्या शाहिराला घातलेला सवाल. मुंबईच्या गिरणी संपाच्या काळातली गाणी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांतले कोकणातले किती होते आणि गावी परतल्यावर त्यांनी काय गायिले, हे संपाच्या इतिहासांत शोधून पाहावे. खेरीज जत्रांतील दशावतारी प्रयोगांची ध्वनिमुद्रणे, हस्तपत्रके, तिकिटे आणि कलाकारांशी रात्ररात्र बसून केलेली बोलणी. यातले बरेचसे दुसरीकडे कुठेही नाही. असल्यास खात्याने दाखवावे, मी जाहीर क्षमा मागेन.

कॅसेटच्या फितीवरचा चुंबकीय लेप ज्या बंधकाने, म्हणजे चिकट द्रव्याने, धरून ठेवलेला असतो, ते बंधक ओलाव्याने सुटते. फीत चिकट होते, वाजवू जावे तर लेप यंत्राच्या 'हेड'वर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, उतरतो आणि आवाज गेला की तो कायमचा गेला. कोकणच्या पावसाळ्यात वर बुरशी धरते, ती वेगळीच. पेट्या कोरड्या खोलीत ठेवणे आणि फिती वेळेत डिजिटल करून घेणे, एवढाच यावरचा उपाय आहे. त्यासाठी एक खोली, ओलावा शोषणारे एक यंत्र, चांगल्या स्थितीतले दोन टेपरेकॉर्डर आणि एक प्रशिक्षित माणूस लागतो. महोत्सवातल्या एका रात्रीच्या रोषणाईचे बिल याहून जास्त आले असेल, असे मला वाटते. आकडा आपल्याकडे आहे. मी खोटा ठरलो तर तो प्रसिद्ध करावा.

आता विषय शैक्षणिक नाही, या निष्कर्षाकडे वळतो. छत्रपती संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारीत आमच्या संगमेश्वरी पकडले गेले, हे पाठ्यपुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या आहे. 'छावा' हा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला आणि मार्चमधल्या अर्थसंकल्पात संगमेश्वरच्या स्मारकाची घोषणा झाली. स्मारकाला माझा विरोध नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, एका कादंबरीवरून निघालेला चित्रपट जर शासनाच्या अर्थसंकल्पापर्यंत पोहोचत असेल, तर तो तिथे कसा पोहोचला, वाचकाच्या मनातला राजा आणि पडद्यावरचा राजा यांत काय बदलले, कागदपत्रांत जे नाही ते लोकांना खरे कधी वाटू लागले, हे तपासणे मनोरंजन कसे? मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा लोखंड आणि जोडकाम यांची चौकशी करायला शासनाला तज्ज्ञ सापडले. पुतळ्याच्या अंगावरचा पेहराव, मुद्रा आणि उभे राहण्याची ढब लोकांच्या मनात कोणत्या चित्रांतून, पोवाड्यांतून आणि चित्रपटांतून आली, ते सांगणारा तज्ज्ञ मात्र शासनाला कधीच लागत नाही. लोक काय पाहतात, काय गातात आणि कशाने भारावतात, यावर सरकारे निवडून येतात, मतदारसंघ बांधले जातात, सभेआधी अर्धा तास ध्वनिवर्धकावर गाणी वाजतात. त्याच गोष्टीकडे कोणी वही घेऊन बसला की तो रिकामटेकडा ठरतो.

खात्यातील ज्यांनी ही टिपणी लिहिली, त्यांच्या माहितीसाठी एक-दोन गोष्टी नोंदवतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र १९६४ साली सुरू झाले आणि कामगारवस्तीत वाचली जाणारी मासिके, दूरचित्रवाणी, तरुणांचे कपडे आणि गाणी हे विषय तिथे गंभीरपणे हाताळले गेले. अमेरिकेत ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन येथे लोकप्रिय संस्कृतीचा स्वतंत्र विभाग १९७३ साली सुरू झाला. बर्मिंगहॅमचा विभाग २००२ मध्ये पुनर्रचनेच्या नावाखाली बंद करण्यात आला, हेही प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे आपल्या खात्याला परदेशातही समविचारी लोक असल्याचे समाधान लाभेल. पण बंद होण्याआधी ते जवळजवळ चार दशके चालले. आमचे चार महिनेही चालले नाही, कारण ते सुरूच झाले नाही. आपल्याकडेही जादवपूर विद्यापीठात चित्रपट-अभ्यासाचा विभाग १९९३ पासून आहे. त्याच वर्षी उत्तर भारतातील कॅसेट-उद्योगावर एका अमेरिकी संगीत-अभ्यासकाचा ग्रंथ निघाला आणि आजही त्याचा दाखला दिला जातो. कोकणातल्या कॅसेटवर ग्रंथ का नाही, याचे उत्तर आपल्या व्हरांड्यात भिजत पडले होते.

उशीर झाला की काय होते, तेही या देशाला नवे नाही. १९३१ चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, आज कोणालाही पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट असेच गेले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत जे जायचे ते गेले होते. ज्यांनी त्या काळात चित्रपटाला हलके मानले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. हानी मात्र सर्वांच्या वाट्याला आली.

दशावतारात संहिता लिहिलेली नसते, हे आपण भाषणात कौतुकाने सांगितलेत. पौराणिक कथा ठरते, कोणी कोणता वेष घ्यायचा ते ठरते आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे रचले जातात. तेव्हा जो प्रयोग नोंदला गेला नाही, तो अभ्यासकासाठी उरला नाही. हंगामात रात्रीमागून रात्री किती प्रयोग होतात, याची कोणी मोजदाद केलेली माझ्या पाहण्यात नाही. मी हजारांत धरतो, आपण खोडून काढा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या खेळाचे रूप बदलले आहे. रंगमंचावर चमत्कार दाखवणारे ट्रिकसीन आले, निरनिराळ्या कंपन्यांतले नामवंत एकत्र आणून संयुक्त दशावतार होऊ लागले, दूरचित्रवाणी मालिकेतले संगीत आणि संवादफेक आली, मोबाईलवर चित्रित होऊन प्रयोग परदेशातल्या मालवणी माणसापर्यंत जाऊ लागले. यावर काही जण 'भ्रष्ट झाले' म्हणून कपाळाला हात लावतात आणि काही जण 'परंपरा जिवंत आहे' म्हणून शाल घालतात. दोघेही पाहत नाहीत. राजा झालेला नट कोणत्या प्रसंगी प्रमाण मराठी सोडून मालवणीत येतो, प्रेक्षक कुठे हसतात, स्त्रीपार्टीला, म्हणजे स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला, कोणते संवाद मिळतात, आधी काय होते आणि आता काय आहे, हे शोधायचे तर जुनी ध्वनिमुद्रणे हवीत. ती चिकट झाली आहेत.

याच भाषेत आणि याच गावकुसातल्या नाटकवेडावर 'वस्त्रहरण' उभे राहिले. १९८० पासून गंगाराम गवाणकरांच्या त्या नाटकाचे प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले. बोली म्हणजे नोकराच्या तोंडची विनोदी भाषा, ही मराठी रंगभूमीची समजूत त्यातले प्रमुख नट मच्छिंद्र कांबळी यांनी रोजच्या रोज मोडली. २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने मालवणी घराघरांत नेली आणि त्याचबरोबर कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश, हे चित्रही नेले. त्यावरून इथे वाद झाला तो वर्तमानपत्रांत विरला. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' नावाचा चित्रपट आला आणि वृद्ध दशावतारी नटाची कहाणी शहरांतल्या प्रेक्षकांनी डोळे पुसत पाहिली. चित्रपटातल्या नटासाठी रडणारा प्रेक्षक खऱ्या नटाच्या पेटाऱ्याकडे कसे पाहतो, हा एका प्रबंधाचा विषय आहे. आमच्याकडे म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा'. हे वाक्य पाहुण्यांच्या भाषणात दरवर्षी येते आणि बोजा तिथेच राहतो.

माझ्याबद्दल थोडे बोलतो, कारण खात्याच्या पत्रात 'अर्जदार' एवढाच माझा उल्लेख आहे. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मी जत्रांतून फिरलो, पहाटेच्या धयकाल्यापर्यंत, म्हणजे प्रयोगाअखेरच्या दहीकाल्यापर्यंत, बसलो, नटांच्या पडवीत जेवलो. 'सर, ह्या कित्याक लिवन घेतास?' असे मला मृदंगवाल्याने विचारले होते, आणि सहकाऱ्यांनी तेच अधिक शुद्ध भाषेत, अधिक कुत्सितपणे विचारले. पदोन्नतीच्या वेळी माझे लेख ग्राह्य धरले गेले नाहीत, कारण ते योग्य त्या यादीतल्या नियतकालिकात नव्हते. कॅसेट विकत घेतल्या त्या पगारातून, कपाट केले ते बायकोच्या पैशातून, आणि पावसाळ्यात त्या कपाटाखाली बल्ब लावून ठेवतो म्हणून विजेचे बिल वाढते ते निवृत्तिवेतनातून. प्रस्तावासाठी मंत्रालयाच्या रांगेत उभा राहिलो, एका कक्षातून दुसऱ्या कक्षात 'उचित कार्यवाहीस्तव' फिरलो, आणि एका अधिकाऱ्याने मला हसत विचारले की, भजने ऐकायला अनुदान कशाला लागते. हे मी विसरलो नाही आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

आणि खाते तरी एकटे कुठे दोषी आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ झाले, या सर्वांचा मला आनंद आहे. पण त्याच मराठीच्या विभागांत मंजूर पदे रिकामी ठेवायची, तासिका तत्त्वावरच्या मुलांकडून शिकवून घ्यायचे आणि त्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकवायचे, ही कोणती अभिजातता? नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञान प्रणालीसाठी श्रेयांक आहेत, पण त्या तासाला कुडाळजवळच्या पिंगुळीचे, चित्रे दाखवून कथा सांगणारे ठाकर चित्रकथी येत नाहीत, जरी त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन सरकारनेच त्यांची विद्या मान्य केली आहे. त्या तासाला कोणीतरी तयार सादरीकरण पडद्यावर वाचून दाखवते आणि हजेरी घेते. विद्यार्थी प्रबंधासाठी विषय मागायला येतो तेव्हा त्याला आधीच मान्य झालेल्या कादंबऱ्यांपैकी एक दिली जाते, कारण मार्गदर्शकाला धोका नको, परीक्षकाला वाचायचे नको आणि विद्यापीठाला संख्या हवी. ज्याच्या आजोबांनी रात्री रावण केला, तो मुलगा आजोबांवर लिहायला घाबरतो. समित्यांवर समित्या बसतात, त्यांचे अहवाल छापले जातात आणि माझ्या पेट्यांशेजारी पडतात. फरक इतकाच की, त्यांच्या भिजण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

मागणी फार नाही. दप्तरी दाखल केलेला प्रस्ताव बाहेर काढून विद्याशाखेच्या तज्ज्ञांकडे पाठवावा आणि त्यांचे मत मला लेखी कळवावे. केंद्र होईल तेव्हा होवो, पण ज्या फिती अजून वाजू शकतात त्या या पावसाळ्यातच डिजिटल करण्याची सोय व्हावी. काम कोणत्याही सरकारी संस्थेत होवो, नेण्या-आणण्याचा खर्च मी करीन. मूळ कॅसेटवर कलाकारांचा आणि त्यांच्या वारसांचा हक्क राहील, असे लेखी हवे, कारण आपल्या पुढच्या महोत्सवात त्याच गाण्यांवर जाहिरात झालेली मला पाहायची नाही. आणि खोली परत द्यावी. उत्तरपत्रिका परीक्षेपर्यंत कुठेही राहू शकतात.

पेट्या सध्या माझ्या घरी माजघरात आहेत. खात्याचा कोणी माणूस पाहणीला येणार असेल तर त्याने दुपारी दोननंतर यावे. सकाळी मी ओल्या वह्यांची पाने सुटी करत असतो.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग