प्रश्न आम्हालाही विचारू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी समाजात मिसळावे, वस्त्यांमध्ये जावे, असे हल्ली वारंवार वाचनात येते. मला ते मनापासून पटते. फक्त ज्या वस्त्यांमध्ये जायचे म्हणतात, तशाच एका वस्तीत माझा जन्म गेला. तेव्हा आमच्या बाजूनेही कोणी लिहायला हवे, म्हणून हे पत्र.

मी पुण्यातल्या वडारवाडीत, दगडकाम करणाऱ्या वडार समाजाच्या वस्तीत वाढले आणि तिथेच 27 वर्षे बालवाडी चालवली. वडील खाणीवर सुतकीने दगड फोडायचे. आई खडी फोडायची आणि पावसाळ्यात काम थांबले की दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून द्यायची. गणेशखिंडीतले विद्यापीठ आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. मी बी.ए. झाले ती बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून, मुले झोपल्यावर रात्री अभ्यास करून. पदवी पुणे विद्यापीठाची, पण त्याच्या आवारात पहिल्यांदा गेले ती पदवीचे प्रमाणपत्र आणायला, वयाच्या 34व्या वर्षी. रखवालदार काहीच बोलला नव्हता, तरी मी फाटकाशी आपणहून थांबले, कोणी तरी अडवणारच असे गृहीत धरून. पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. माहेरच्या दारात लेक अशी थांबत नाही.

आमच्या वस्तीत कॉलेजची मुले सर्वेला येतात. घरात संडास आहे का, नवरा पितो का, जात कोणती, आई-वडील किती शिकले? माझ्या शेजारच्या आजींनी एका वर्षात तीन वेगवेगळ्या मुलांना सांगितले की, त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. तिसऱ्या वेळी त्या मला म्हणाल्या, “अगं, एकमेकांना सांगत नाहीत का ही पोरं?”

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेतून विद्यार्थी आले आणि बालवाडीत आठ दिवस बसून मुलांच्या भाषेच्या नोंदी करून घेऊन गेले. आमची मुले घरी वडारी बोलतात. ती तेलुगूच्या जवळची. पाण्याला नीळ्ळु म्हणतात. तीन वर्षांचे मूल बालवाडीत येते तेव्हा बाईंची मराठी त्याला परकी असते, आणि ते गप्प बसले की लोक त्याला मंद ठरवतात. म्हणून मी पहिल्या वर्षापासून एक वही ठेवली होती, डाव्या पानावर मुलांचा शब्द, उजव्या पानावर मराठी. त्या विद्यार्थ्यांनी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले. “अहवाल झाला की प्रत आणून देऊ, ताई,” म्हणाले. चार वर्षे झाली. दोनदा फोन केला, तेव्हा कळले की ती तुकडी पास होऊन गेली आणि सरही बदलले. मुलांवर माझा राग नाही; ती आमच्या पोरांशी फार मायेने बोलत होती. परत येण्याची जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकलीच नव्हती, एवढेच.

आमची माणसे नोंदीला का बिचकतात, हेही येणाऱ्याला माहीत हवे. माझ्या दाखल्यावर ‘विमुक्त जाती’ असे लिहिले आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात पुढे जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, त्यावरून हा ‘विमुक्त’ शब्द आला. आणि त्याच 1871 साली गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांचा बंगला बांधून पुरा झाला. तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत. त्या भिंतींचे काळे दगड कोणाच्या हातांनी फोडले असतील, ते मी दगड बघून ओळखते.

यंदा जानेवारीत अशीच एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली. माझ्या आजोबांचा धंदा लिहून झाल्यावर मी तिला विचारले, “आणि तुझे आजोबा काय करायचे गं?” ती गडबडली. “मावशी, हे फॉर्ममध्ये नाहीये.” मी म्हटले, “माझे आजोबा आहेत ना?” मग तिने पेन खाली ठेवले. आजोबा प्राध्यापक, आजी एम.ए., घरात पुस्तकांची तीन कपाटे. “मी कॉलेजला जाणार की नाही, असं आमच्या घरात कधी कोणी बोललंच नाही. ते ठरलेलंच होतं,” ती म्हणाली. आपल्याला हे मिळाले म्हणजे काय मिळाले, हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलत असल्याचेही तिने सांगितले. मी चहा टाकला. दोन तास आम्ही बोलत होतो. माझ्याकडे आजवर आलेल्या सगळ्या फॉर्मांपेक्षा त्या दोन तासांत दोघींना जास्त कळले.

पुण्याच्या शिक्षणाचा इतिहासही असाच दोन्ही बाजूंनी सांगायला हवा. पेशवाईत श्रावणात रमण्यामध्ये, म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या आवारात, ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्याच दक्षिणेच्या पैशातून 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा ती 14 वर्षांची होती. आमचा धर्म कोणता, असे ती त्यात थेट देवालाच विचारते. 2014 पासून आपल्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. त्या नावाबरोबर प्रश्न विचारणारी ही मुलगीही आली पाहिजे.

चांगली उदाहरणे इथेच आहेत. विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगाव घेऊन गेले. माझी मुलगी आठवीत असताना शाळेबरोबर विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शनिवारचे व्याख्यान ऐकायला गेली होती. आर्यभटाचा पुतळा ती अजून विसरलेली नाही. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. प्रश्न मुलाचा आणि उत्तर शास्त्रज्ञाचे! मला हवे आहे ते हेच.

म्हणून माझी कळकळीची मागणी आहे. वस्तीत येणाऱ्याने आधी स्वतःविषयी सांगावे: कोण, कुठून आलो, काय मिळाले म्हणून इथवर पोचलो. अहवाल मराठीत करून वस्तीतच वाचून दाखवावा, निदान सहा महिन्यांत, म्हणजे चुकले असेल तर आम्हाला जागेवर सांगता येईल. आणि माझ्या वहीसारखे काही कोणाकडून घेतले, तर त्या माणसाचे नाव अहवालावर घालावे.

ती मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा आली, या वेळी फॉर्मशिवाय. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून ती वही नव्याने लिहून काढतो आहोत. 84 पानांपैकी 31 झाली. काही शब्द मलाही आता आठवत नाहीत, त्यासाठी शेजारच्या आजी येऊन बसतात आणि आमच्या चुका काढतात. भाषेचे शिक्षण घेतलेल्या कोणाला यायचे असेल, तर दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही वस्तीच्या समाजमंदिरात असतो. आजींचे प्रश्न पुष्कळ आहेत, तेव्हा जरा वेळ काढून यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडीताई,
वडारवाडी, पुणे